पंचनाम्यात कोरी राहिलेली बाजू

"वाचनालयासमोरील बागेतील संगमरवरी फलकावर सात सैनिकांची मराठी नावे दिसतात. तथापि, पालिकेच्या दप्तरातील पंचनाम्यात फलकाची मागील बाजू कोरी असल्याचे स्पष्ट नमूद आहे. शिवाय, सत्तर वर्षे चुन्यात रुतून बसलेल्या अक्षरांत चुन्याचा कणही सापडू नये, हे संभवत नाही. सबब ही नावे फलक हलविल्यानंतर, तत्कालीन ओव्हरसिअरच्या पुढाकाराने, एका वस्तीच्या समाधानासाठी कोरण्यात आली, असाच निष्कर्ष निघतो."

हा उतारा आमच्या पालिकेने यंदा काढलेल्या स्मरणिकेतील आहे. लेखक इतिहासाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी माझे नाव लिहिण्याचे टाळले आहे, म्हणून मीही त्यांचे लिहीत नाही, फिटंफाट. गावाचे नावही लिहिणार नाही. जळगाव आणि धुळे यांच्या मधले एक तालुक्याचे ठिकाण, एवढे परक्यांना पुरे; गावच्यांना सांगावे लागणार नाही.

'तत्कालीन ओव्हरसिअर' तो मी. हा उतारा खोटा आहे. मात्र तो खोटा ठरविण्याच्या वाटेवर एक धोंड आहे आणि ती धोंड मीच टाकलेली आहे, हेही या लेखात मला सांगावे लागणार आहे. ते मी सांगेन. पण माझ्या क्रमाने.

ओव्हरसिअर म्हणजे काय, हे पालिकेबाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. नकाशातली रेघ आणि जमिनीवरची दोरी यांची गाठ घालून देणारा मनुष्य म्हणजे ओव्हरसिअर. अभियंत्याला रेघ कळते, मिस्त्रीला दोरी कळते, आणि दोघांचे पटले नाही की दोष ओव्हरसिअरचा असतो. रस्ता, गटार, नळ, कुंपण, मुताऱ्या, स्मशानातले पत्रे हे सारे माझ्या वहीत असे. आणि या प्रत्येक कामाआधी व नंतर पंचनामा असे. पाच पंच जागेवर आले, त्यांनी वस्तुस्थिती पाहिली, ती लिहून काढली आणि खाली सह्या झाल्या, ही त्याची शास्त्रोक्त रीत. प्रत्यक्षातली रीत निराळी होती. पंच म्हणजे चौकातले दुकानदार. त्यांना गिऱ्हाईक सोडून उन्हात उभे राहायचे नसे. म्हणून पंचनामा आदल्या दिवशी कचेरीत लिहायचा, सकाळी चहाच्या टपरीवर सह्या घ्यायच्या, आणि मग वस्तुस्थितीने त्या पंचनाम्यासारखे वागायचे. माझे अक्षर वळणदार होते आणि अठ्ठावीस वर्षांत माझ्या एकाही पंचनाम्यात खाडाखोड नव्हती. या गोष्टीचा मला अभिमान वाटे. तो का वाटत असे, याचा विचार मी अलीकडे करू लागलो आहे.

या रीतीचे एक उदाहरण देतो. बाजारात टांग्याच्या घोड्यांसाठी बांधलेला एक दगडी हौद होता. त्यावर कोण्या मडमेचे नाव होते. टांगे गेले, घोडे गेले, हौद राहिला. तो काढण्याचा ठराव झाला. मी रीतीप्रमाणे आदल्या दिवशी लिहिले, 'हौद रिकामा व निरुपयोगी आढळला.' सकाळी पाचही सह्या झाल्या. जागेवर गेलो, तर हौदात गळ्याइतक्या पाण्यात एक म्हैस उभी, आणि काठावर तिचे मालक दामूआबा पाय सोडून बसलेले.

"आबा, म्हैस काढा."

"कसाले?"

"हौद निरुपयोगी आहे."

दामूआबांनी म्हशीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "तिले सांग," ते म्हणाले.

म्हैस दुपारपर्यंत निघाली नाही. पंचनामा मात्र दप्तरात तसाच आहे. उद्या कोणी इतिहास लिहावयास बसला, तर त्या सकाळी तो हौद रिकामा होता, हे तो कागदोपत्री सिद्ध करील.

आता मूळ विषय.

आमच्या मोठ्या चौकात काळ्या दगडाचा एक चौकोनी खांब होता. दोन पुरुष उंच, खाली तीन पायऱ्या. गाव त्याला 'साहेबाचा खांब' म्हणे. पहिल्या महायुद्धानंतर तो उभारलेला. त्याच्या तळच्या मोठ्या दगडात एक उथळ खाच घेऊन तीत संगमरवरी फलक बसवला होता. त्यावर इंग्रजीत लिहिले होते की, या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, पैकी सात परत आले नाहीत. खाली ज्या साहेबाच्या हस्ते उद्घाटन झाले त्याचे नाव, हुद्दा आणि पदव्या. साहेबाचे नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत. मेलेल्यांचा फक्त आकडा. प्राध्यापकांच्या लेखातील जे एक वाक्य मला मान्य आहे, ते या फलकाविषयीचेच आहे. ते म्हणतात, हे स्मारक मेलेल्यांचे नसून मोजणाऱ्याचे आहे. वाक्य चांगले आहे. पण ते फलकाच्या एका बाजूपुरते खरे आहे.

दहाएक वर्षांपूर्वी चौक रुंद करण्याचे निघाले. तेव्हा हेच प्राध्यापक तरुणांचा एक मोर्चा घेऊन पालिकेवर आले होते. गुलामगिरीची खूण भर चौकात कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. ज्या राज्याने आपल्याला गुलाम केले त्या राज्यासाठी जे मेले, त्यांच्यापुढे गावाने रोज वळसा घालून का जावे? प्रश्न गैर नव्हता. मला स्वतःला त्या खांबाविषयी प्रेम नव्हते. माझ्या दृष्टीने तो वाहतुकीत आडवा येणारा, चांगल्या घडीच्या दगडांचा एक साठा होता. सभेत ठराव झाला की खांब काढावा, त्याचे दगड पालिकेच्या चालू कामांत वापरावेत, आणि संगमरवरी फलक उलटा करून त्याच्या मागील कोऱ्या बाजूवर चौकाचे नवे नाव कोरावे. संगमरवर महाग, आणि पालिका काटकसरी. 'मागील कोऱ्या बाजूवर' हे शब्द ध्यानात ठेवावेत. मागील बाजू तेव्हा कोणीही पाहिलेली नव्हती.

मी टेप घेऊन खांब मोजावयास गेलो, तेव्हा खालच्या पायरीवर सखूअक्का बसली होती. बौद्धवाड्यातली, सत्तरी ओलांडलेली, उभा जन्म कापूस वेचण्यात गेलेला. तिचा बाप नथू दगडू महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याकडे गेला, तेव्हा ती पाळण्यात होती. तो परतला नाही. त्या घरी सरकारी कागद आला की नाही, कोणास ठाऊक. आला असता तरी वाचणारे कोणी नव्हते. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. अक्का ती घागर घरी न भरता या खांबाच्या पायरीवर भरून ठेवी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजी. लहानपणापासून मी ते पाहत आलो होतो. त्या पाण्याचा आणि त्या खांबाचा संबंध काय, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"काय मोजी ऱ्हायना, नाना?"

"खांब हलवायचा आहे, अक्का."

"हालव. माले काय. पन आखाजीले मी घागर कोठे भरू, ते सांगी दे."

"ते माझ्या खात्यात येत नाही."

"मंग कोनता खातामा शे ते?"

मी टेपवरचा आकडा वहीत उतरवून घेतला. समोरच्या टपरीवरून एकाने नेहमीची थट्टा केली. गावात ती थट्टा दोन पिढ्या चालू होती. "अक्का, तुना बाप बसराले मजामा शे! तेनी दुसरी बायको करेल शे तठे!"

अक्काने मान न वळवताच उत्तर दिले. "तुनी आजी गयी व्हती का रे तेले हयद लावाले?"

टपरी हसली. अक्का हसली नाही. लोक निघून गेल्यावर ती मला हलक्या आवाजात म्हणाली, "सात मरनात म्हने. त्या सातमा मना बाप शे का नही, ते आठे लिखेल शे का?"

मी खरे ते सांगितले. "नाही. येथे फक्त साहेबाचे नाव आहे."

"मंग साहेब मरना व्हता का?" तिने विचारले. या प्रश्नात थट्टा नव्हती. तिला खरोखरीच तसे वाटले होते.

थट्टेतला दंश बाहेरच्याला कळावा म्हणून सांगतो. जो मेला, तो मेला. पण जो पळाला आणि परदेशी दुसरे घर करून राहिला, त्याच्या बायकोला कपाळ पुसता येत नाही आणि मुलीला मान वर करता येत नाही. सखूअक्काची आई कुंकू लावावे की नाही या विचारातच मेली, असे जुनी माणसे सांगत. अक्काचे स्वतःचे ठरलेले लग्न त्याच एका गोष्टीवरून दोनदा मोडले होते.

संगमरवरी फलक काढणे हे नाजूक काम आहे. तो चार बोटे जाड असला तरी काचेसारखा तडकतो. जुने कारागीर तो असा बसवीत: दगडाच्या खाचेत बैलाच्या घाणीवर मळलेल्या चुन्याचा थर द्यावयाचा, फलकाची पाठ टाकीने, म्हणजे छिन्नीने, टाचून खडबडीत करावयाची म्हणजे चुना तिला धरतो, मग फलक दाबून बसवावयाचा. मऊ चुना जेथे जेथे खळगा मिळेल तेथे शिरतो, आणि मग वर्षानुवर्षे घट्ट होत जातो. आमचे हमीदमिस्त्री म्हणत, "सिमेंट म्हातारं व्हस, चुना दगड व्हस." मिस्त्री घरी उर्दू बोलत आणि कामावर आमच्यापेक्षा चोख अहिराणी. तालुक्यात चुना ओळखणारा त्यांच्यासारखा दुसरा हात तेव्हाही नव्हता. चुन्याची घाणी मात्र गावातून कधीच गेली होती. आमची सारी कामे सिमेंटची.

कामाच्या दिवशी सकाळी टपरीवर पाच सह्या घेऊन पंचनामा मी खिशात घातला. त्यात लिहिले होते: 'फलक सुस्थितीत असून त्याची मागील बाजू कोरी व पुनर्वापरास योग्य आढळली.' ठरावात 'कोरी' म्हटले होते, म्हणून मी 'कोरी' लिहिले. वळणदार अक्षरात, खाडाखोड न करता.

मिस्त्रींनी फलकाच्या कडेने बारीक टाकी चालवून सांधा मोकळा केला, ओली गोणपाटे लावली, लाकडी पाचरी ठोकल्या. संगमरवराला त्यांनी हातोडीचा वाराही लागू दिला नाही. दोन तासांनी आतून एक बारीक आवाज झाला, आणि फलक त्यांच्या व त्यांच्या जोडीदाराच्या हातांत अलगद आला. त्यांनी तो गोणपाटावर पालथा ठेवला आणि ओल्या फडक्याने त्याची पाठ पुसली.

"नाना, आठे ये. ह्या बाजूले बी लिखेल शे."

"टाचे असतील, मिस्त्री."

"टाचासले नावं ऱ्हातस का?"

मी वाकून पाहिले. टाचे कडेकडेने होते. मधली जागा मात्र गुळगुळीत ठेवलेली होती आणि तीवर बाळबोध अक्षरांत एकाखाली एक सात नावे होती. इंग्रजी बाजूचे कोरीव काम सफाईदार होते. हे तसे नव्हते. काळा दगड फोडणाऱ्याच्या हाताने संगमरवर कोरला तर येतो, तसला जडपणा त्या अक्षरांत होता. पहिले नाव शेख बाबू. दुसरे नथू दगडू. पुढे, गावाला नावांवरून कळतात तशी, दोन पाटलांची, एक भिल्लाचे, एक कोळ्याचे, शेवटचे एका न्हाव्याचे. हुद्दा नाही, जात नाही, तारीख नाही. पुढच्या बाजूला आकडा सात, मागे नावे सात. ती कोणी कोरली, मला ठाऊक नाही. फलक बसवणाऱ्या गावच्याच कोण्या पाथरवटाने, साहेबाला दाखवण्याच्या बाजूवर जागा नाही म्हणून न दाखवण्याच्या बाजूवर कोरली असावीत, असे मिस्त्रींचे मत. मी मत देत नाही. मी पाहिले ते सांगतो.

अक्काला कोणी बोलावले, आठवत नाही. ती आली आणि म्हणाली, "कोनतं मनं?"

मिस्त्रींनी तिचे बोट धरून दुसऱ्या ओळीवरून फिरवले. "हाई तुना बाप."

तिने पुन्हा वाचावयास सांगितले. मिस्त्रींनी पुन्हा वाचले. तिसऱ्यांदाही वाचले. मग ती उठली, टपरीकडे तोंड केले आणि म्हणाली, "ऐका रे बठ्ठा जन. मना बाप आठे शे. बसराले नही." एवढेच. टपरीवर कोणी हसले नाही.

त्या क्षणी माझ्या खिशात पाच सह्यांचा कागद होता, ज्यात ती बाजू कोरी होती.

मी तो फाडावयास हवा होता. निदान त्यावर एक ओळ खोडून दुसरी लिहावयास हवी होती. मी संध्याकाळी मुख्याधिकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, पंचांच्या सह्या झाल्या आहेत, नवा पंचनामा म्हणजे नवे पंच, नवी तारीख आणि जुना का चुकला याचा खुलासा. नावे आता सर्वांनी पाहिलीच आहेत, कागदाचे काय एवढे? मी मान डोलावली. त्यांच्या म्हणण्यामुळे नव्हे. माझ्या वहीत पहिली खाडाखोड व्हावी, हे मला नको होते. कारण एवढेच, आणि ते सांगावयास मला दहा वर्षे लागली.

पुढे काय करावे यावर पालिकेच्या सभागृहात बैठक झाली. प्राध्यापक होते, वस्तीतली माणसे होती, शेख आणि पाटील घराण्यांतलेही आले होते. प्राध्यापकांनी मुद्देसूद भाषण केले. नावे सापडली तरी प्रश्न तोच आहे, हे लोक कोणासाठी लढले? मी पालिकेचा नोकर. मला बोलण्याचा अधिकार नव्हता, तरी बोललो. मी म्हणालो, "पगार साहेबाचा होता. मरण त्यांचे स्वतःचे होते." प्राध्यापक म्हणाले, "हे भावनिक झाले." मी म्हणालो, "दगड हलवणारा मी आहे, मला भावना परवडत नाहीत." सभा हसली. माझा मुद्दा एवढाच होता की या फलकाला दोन बाजू आहेत. एक साहेबाची, एक आपली. साहेबाची बाजू फोडायची तर आपलीही फुटते. मग कोणती कोणीकडे तोंड करून ठेवायची, एवढेच ठरवणे आपल्या हाती आहे.

तेव्हा प्राध्यापक अक्काकडे वळले. हेतू वाईट नसावा. "अक्का, तुम्ही बुद्धधर्म घेतलात. मग ही आखाजीची घागर अजून कशाला?"

"धरम बदलना, भाऊ," अक्का म्हणाली. "बाप नही बदलना."

त्यानंतर चर्चा फार लांबली नाही. फलक चौकात नको, पण फोडूही नये, वाचनालयासमोरच्या बागेत दोन दगडी खांबांच्या मध्ये उभा करावा, नावे रस्त्याकडे आणि इंग्रजी मजकूर कण्हेरीच्या कुंपणाकडे, असे ठरले. त्या ठरावाला प्राध्यापकांनी हात वर केला होता. स्मरणिकेत हे आलेले नाही. खांबाचे बाकीचे दगड तेव्हा चालू असलेल्या पाण्याच्या टाकीच्या पंपघरात गेले. आम्ही फलक सिमेंटमध्ये उभा केला, कारण चुना मळणारे कोणी उरले नव्हते. पुढच्या आखाजीला अक्काने घागर तेथे भरली. त्यापुढची तीन वर्षेही भरली. मग ती गेली. आता तिचा नातू मिलिंद भरतो. तो पाचोऱ्याला पोस्टात आहे.

यंदा श्रावणात मिलिंद ती स्मरणिका घेऊन माझ्याकडे आला. खुर्चीवर बसला नाही.

"नाना, तुम्ही हे वाचलं का?"

"वाचले."

"ऑफिसात एकानं मला ऐकवलं, तुमच्या पणजोबांचं नाव नंतर बसवलेलं आहे म्हणे. पुन्हा ते बसऱ्याचंच सुरू झालं." त्याने स्मरणिका माझ्या हातात दिली. "मला एकच सांगा. माझी आजी खोटी होती का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग तुमचा कागद खोटा आहे का?"

पालिकेतल्या नोकरीत मला कोणी असा सरळ प्रश्न विचारला नव्हता. लेखापरीक्षकानेसुद्धा नाही. मी म्हणालो, "हो. कागद खोटा आहे."

"हे तुम्ही लिहून द्याल?"

"देईन. पण त्याने काय होईल? प्राध्यापक म्हणतील, तेव्हा खोटे लिहिले की आता, हे कशावरून ठरवायचे?"

आणि प्राध्यापकांच्या विरुद्ध मी कितीही हट्टाने बोललो तरी त्यांचा दुसरा मुद्दा माझ्याही मनात रुतून बसला होता. अक्षरांत चुना का नाही? सत्तर वर्षे चुन्याला चिकटलेली नावे इतकी स्वच्छ कशी? बागेत जाऊन मी भिंग लावून पाहिले. खाचा धुतल्यासारख्या मोकळ्या. कडेच्या टाच्यांत चुन्याचे पांढरे कण अजून होते, अक्षरांत एकही नव्हता. माझी खात्री होती, पण पुरावा नव्हता. खात्री आणि पुरावा यांतला फरक ओव्हरसिअरला शिकवावा लागत नाही.

मी हमीदमिस्त्रींकडे गेलो. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, डोळ्यांत मोतीबिंदू, खाटेवर बसून असतात. मी उतारा वाचून दाखवला. ते ऐकत होते आणि गालातल्या गालात हसत होते.

"मास्तर हुशार शे," ते म्हणाले. "चुना कोठे गया, हाई त्यानं बरोबर इचारं. तू इचारं का?"

"म्हणूनच तुमच्याकडे आलो."

"धा वरीस उशीर उना." मग ते गंभीर झाले. "त्या दिनले मी तुले सांगेल व्हतं, नाना, आत देख म्हनीसनी. तू फलककडे देखी ऱ्हायंता. बठ्ठा जन फलककडेच देखी ऱ्हायंतात."

"आत म्हणजे कोठे?"

"कोरनाऱ्यानं अक्षरमा तेल लायेल व्हई. म्हनीसनी चुनानं त्या अक्षर धरात नही. पन चुना जाई कोठे?" त्यांनी उजव्या हाताची मूठ डाव्या तळव्यावर दाबली आणि उचलली. मग तळवा माझ्यापुढे धरला. त्यांना दिसत नव्हते, पण मला दिसावे अशी त्यांची इच्छा होती. "तो दगड मी फोडू दिना नही. मना हातनी पंपघरमा बसाडा शे. जाय, देख. आनि हाई बी लिखी ठेव, कागद तुना खोटा व्हता, चुना मना खरा."

लिहून ठेवले आहे, मिस्त्री.

तेलाचा हा त्यांचा अंदाज आहे. त्यावर मी माझी बाजू उभी करीत नाही. प्राध्यापकांनी माझा पंचनामा प्रमाण धरला यातही मी त्यांना दोष देत नाही. माझे अक्षर पाहून कोणीही धरला असता. तो पंचनामा खोटा होता, तो मी लिहिला होता, आणि त्यामुळे एका मेलेल्या माणसावर दुसऱ्यांदा पळून गेल्याचा आळ आला. हे मी येथे छापून देत आहे. दप्तरात आता खाडाखोड करता येत नाही, म्हणून ती येथे करतो. पण माणसाच्या कबुलीने वा त्या दिवशी पाहणाऱ्यांच्या आठवणीने इतिहास सिद्ध होत नाही, हे प्राध्यापक म्हणतीलच आणि ते बरोबर म्हणतील. म्हणून कबुली बाजूला ठेवू.

गेल्या पंधरवड्यात मी मिलिंदला घेऊन पाण्याच्या टाकीखालच्या पंपघरात गेलो. प्राध्यापकांनीही जावे. दार उघडल्यावर डाव्या हाताच्या भिंतीत, छातीच्या उंचीवर, काळ्या दगडात एक उथळ कोनाडा आहे. व्हॉल्व्हमन त्यात टॉर्च ठेवतो, आणि वरून कॅलेंडर टांगलेले असते. टॉर्च काढावा, कॅलेंडर उचलावे. ती खांबाच्या तळच्या दगडाची खाच आहे, आणि तिच्यात जुन्या घाणीच्या चुन्याचा थर अजून आहे. त्या थरावर सात नावे उठावाची आहेत, उलटी, आरशात दिसावीत तशी. आणि वरून दुसरे नाव नथू दगडू आहे.